उजव्या बटणामागची अडगळ

संगणकाच्या माउसवरची दोन बटणे दिसायला सारखी असली तरी त्यांची कामे निराळी आहेत. डाव्या बटणाने आपण संगणकाला आज्ञा देतो. उजव्या बटणाने आपण त्याला प्रश्न विचारतो. एखाद्या फाइलवर बाण नेऊन उजवे बटण दाबले, की 'या फाइलचे काय काय करता येईल?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक यादी उघडते: उघडा, छापा, नक्कल करा, नाव बदला, काढून टाका. शिकण्याची सुरुवात प्रश्नापासून होते असे आपण शिक्षक मानत असू, तर संगणक शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे दुसरे बटण अधिक मोलाचे ठरते. मोबाइलवर वाढलेली मुले पडद्यावर बोट दाबून धरतात, तेव्हा तीही हाच प्रश्न विचारत असतात.

मात्र आज बऱ्याच संगणकांवर या प्रश्नाला मिळणारे उत्तर इतके लांबट आणि विस्कळीत असते, की ते वाचण्याचा नाद मुले लवकरच सोडून देतात. पुस्तकाचे किंवा पाठ्यक्रमाचे परीक्षण होते, तसे या यादीचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. ते येथे करावे असे आम्ही ठरवले आहे.

यादी आली कोठून?

ही कल्पना विंडोजच्या बरीच आधीची आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी स्मॉलटॉक ही प्रणाली घडवली. तिच्या माउसला तीन बटणे होती आणि त्यांना लाल, पिवळे व निळे अशी नावे दिलेली होती. लाल बटण निवड करण्यासाठी, पिवळे खिडकीतल्या मजकुराच्या आज्ञांसाठी आणि निळे खुद्द खिडकीच्या आज्ञांसाठी. प्रश्न कशाबद्दल आहे हे बटणावरूनच ठरत असे, आणि उत्तरही तेवढ्यापुरतेच येत असे.

ॲपल कंपनीने १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकांना एकच बटण दिले. लॅरी टेस्लर यांनी नवख्या माणसांवर चाचण्या घेऊन या एका बटणाचा आग्रह धरला होता. कोणते बटण दाबायचे, हा संभ्रमच नवशिक्याला नको, असा त्यामागचा विचार. पुढे २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले आणि उजव्या बटणाची यादी सर्वसामान्य घरांत व कचेऱ्यांत पोहोचली. त्या वेळी साध्या मजकुराच्या फाइलवर जी यादी उघडे तिच्यात दहाच्या आसपास आज्ञा होत्या. एका दमात वाचून होणारी ती यादी होती.

जाहिरातींची भिंत

मग ती वाढली कशी? विंडोजमध्ये ही यादी एके ठिकाणी लिहून ठेवलेली नसते. उजवे बटण दाबले की संगणक आधी फाइलचा प्रकार पाहतो. मग रजिस्ट्री नावाच्या आपल्या मोठ्या नोंदवहीत शोधतो, की या प्रकारच्या फाइलसाठी कोणत्या आज्ञा नोंदल्या आहेत आणि कोणत्याही फाइलसाठी चालतील अशा कोणत्या आहेत. याखेरीज काही प्रोग्राम आपला एक छोटा तुकडा तेथे बसवून ठेवतात. यादी उघडण्याच्या क्षणी तो तुकडा जागा होतो आणि आपल्या ओळी तिच्यात घालतो. असे तुकडे फाइल एक्स्प्लोरर या मूळ प्रोग्रामच्या पोटात शिरून चालत असल्याने एखादा तुकडा मंद असला तर सगळी यादीच मंदावते, आणि एखादा सदोष असला तर एक्स्प्लोररच कोसळू शकतो.

ही रचना मुळात चांगल्या हेतूची होती. फाइल आवळून लहान करणारा प्रोग्राम बसवला, तर ती आज्ञा फाइलजवळच मिळावी हे सोयीचेच आहे. बिघाड होतो तो 'कोणत्याही फाइलसाठी' या सवलतीत. आपली ओळ सर्वत्र दिसावी असे कोणत्या विक्रेत्याला वाटणार नाही? विषाणुशोधक, पीडीएफचा प्रोग्राम, फाइली दूरच्या साठ्यावर चढवणारा प्रोग्राम, गाणी वाजवणारा प्रोग्राम, असे सगळे आपापली पाटी लावून जातात.

शिरूर तालुक्यातील शिक्रापूरचा चौक घ्या. तेथे पुणे–अहिल्यानगर रस्त्याला चाकणचा रस्ता मिळतो. त्या चौकातील दिशादर्शक फलकावर पुणे, चाकण, रांजणगाव, शिरूर एवढी नावे असली की वाटसरूचे काम होते. उद्या त्याच फलकावर, त्याच रंगात व त्याच आकाराच्या अक्षरांत, रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलाने आणि पेट्रोलपंपाने आपले नाव लिहिले तर? एकही नाव खोटे नसेल. पण फलकाचा फलकपणा गेलेला असेल. सराईत वाहनचालकाला फारसा फरक पडणार नाही, कारण तो फलक वाचतच नाही. अडेल तो नवखा.

शाळेतला संगणक

घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकापेक्षा शाळेत ही अडगळ लवकर साठते. शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या शाळेची कल्पना करा. तेथे संगणक खोलीभर नसतात. जो एखादा चालू स्थितीत असतो तोच वर्गाचा आणि तोच कार्यालयाचा. त्यावर यू-डायस प्लसची माहिती भरायची, शालार्थमधील वेतनदेयके पाहायची, शिष्यवृत्तीचे अर्ज करायचे, कागद स्कॅन करून पाठवायचे. या प्रत्येक कामासाठी कोणी ना कोणी, केव्हा ना केव्हा एखादा प्रोग्राम बसवलेला असतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून वापरलेला संगणक भेट म्हणून मिळाला असेल, तर जुन्या मालकाच्या कामाची पुटेही त्याच्याबरोबर येऊ शकतात.

अशा संगणकासमोर सहावीतली मुलगी बसते आणि आपल्या निबंधाच्या फाइलचे नाव बदलू पाहते. तिच्यापुढे उघडणारी यादी ही निबंधाबद्दलची राहिलेली नसते. शाळेच्या कारकुनीचा तो इतिहास असतो. भर म्हणून भाषेचा घोटाळा आहे. विंडोज मराठीत करून घेता येते. पण बाहेरून आलेल्या प्रोग्रामच्या ओळी त्या त्या विक्रेत्याने लिहिलेल्या असतात आणि बहुधा इंग्रजीतच राहतात. मग अर्धी यादी मराठी, अर्धी इंग्रजी.

त्यात जुन्या विंडोजमध्ये 'काढून टाका' आणि 'नाव बदला' या दोन आज्ञा एकमेकींना खेटून आहेत. संगणकाच्या आतल्या डिस्कवरची फाइल चुकून काढली तर ती रीसायकल बिनमध्ये सापडते. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल मात्र सहसा तेथे जात नाही. मुलांचे प्रकल्प घर आणि शाळा यांच्या दरम्यान प्रवास करतात ते बहुधा पेनड्राइव्हवरच. एका ओळीच्या चुकीची किंमत आठवडाभराचे काम असू शकते.

भुर्दंड कोणावर?

लांब यादीने वेळ जातो हे खरे. पण किती आणि कोणाचा? येथे थोडे गणित उपयोगी पडते. १९५२ साली विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने, आणि पाठोपाठ १९५३ साली रे हायमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, पर्यायांची संख्या आणि निर्णयाला लागणारा वेळ यांचा संबंध प्रयोगाने तपासला. पर्याय सारखेच संभाव्य असतील, तर वेळ पर्यायांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याच्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढतो. सात ओळींची यादी घेऊ. सात अधिक एक म्हणजे आठ, हा दोनाचा तिसरा घात. एकतीस ओळींची यादी घेतली तर एकतीस अधिक एक म्हणजे बत्तीस, हा दोनाचा पाचवा घात. म्हणजे यादी साडेचार पटींच्या जवळ गेली तरी निर्णयाचा वेळ ३ ला ५ या प्रमाणातच वाढतो, दीडपटीहून थोडा अधिक.

पण हे लागू पडते ते ज्याला यादी पाठ आहे त्याला. ज्याला ती पाठ नाही तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. हवी ती ओळ कोठेही असू शकते असे धरले, तर सात ओळींत त्याला सरासरी चार ओळी वाचाव्या लागतात आणि एकतीस ओळींत सोळा. म्हणजे चौपट. मेनूच्या वापराबाबत हाच भेद ॲंडी कॉकबर्न, कार्ल गटविन आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी २००७ साली मांडलेल्या प्रतिमानात आहे: नवखा शोधतो, सराईत निर्णय घेतो. सरावाने माणूस पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जातो. मात्र त्यासाठी ओळींच्या जागा स्थिर राहिल्या पाहिजेत.

या आकड्यांतून आम्हाला एक गोष्ट विशेष दिसते. यादी लांबवणारे प्रोग्राम लिहिणारे, विकणारे आणि बसवून देणारे सगळे सराईत असतात. त्यांना ती दीडपट जड वाटते. शिकणाऱ्याला ती चौपट जड असते, आणि यादी लांबवायची की नाही हे ठरवताना त्याला कोणी विचारलेले नसते. चाळीस मिनिटांच्या तासात एका संगणकाभोवती पाच-सहा मुले असतील, तर हा भुर्दंड प्रत्येकाच्या पाळीतून वजा होतो.

तीन कसोट्या

या विवेचनावरून चांगल्या यादीच्या तीन कसोट्या ठरवता येतील. पहिली: प्रश्न ज्या वस्तूबद्दल विचारला, उत्तर त्याच वस्तूबद्दलचे असावे. दुसरी: ओळींच्या जागा वापरणाऱ्याच्या नकळत हलू नयेत. तिसरी: ओळ घालणे जितके सोपे, तितकेच ती काढणेही सोपे असावे. आजवर झालेल्या उपायांना या कसोट्या लावून पाहू.

मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये एक उपाय होता. तो उजव्या बटणाच्या यादीसाठी नव्हता, वरच्या मेनूंसाठी होता. आपण क्वचित वापरतो त्या आज्ञा प्रोग्राम आपणहून लपवी आणि वापरलेल्या आज्ञा वर दाखवी. कल्पना हुशारीची, पण दुसऱ्या कसोटीवर ती साफ नापास होते. काल दिसलेली आज्ञा आज जागेवर नाही, याचा अर्थ नवशिक्या एकच लावतो: आपल्याकडून काहीतरी बिघडले. प्रयोगशाळेच्या टेबलावर आजच्या प्रयोगाचे सामान काढून बाकीचे कपाटात ठेवणे आपण सगळेच करतो. पण कपाटात काय गेले हे रोज रात्री दुसराच कोणी आपल्याला न विचारता ठरवू लागला, तर शिकवणे कठीण होईल. ऑफिस २००७ मध्ये वरच्या मेनूंची जागाच रिबनच्या पट्टीने घेतली आणि ही योजनाही मागे पडली.

दुसरा उपाय विंडोज ११ चा. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या या आवृत्तीत फाइलची यादी नव्याने आखली गेली. कापणे, नक्कल, नाव बदलणे, काढून टाकणे या आज्ञा चित्रांच्या रूपात एका ओळीत आल्या आणि जुन्या पद्धतीने नोंदलेल्या बाहेरच्या आज्ञा 'शो मोअर ऑप्शन्स' या ओळीमागे गेल्या. यादी आटोपशीर झाली हे मान्य करायलाच हवे. पण ज्यांचे रोजचे काम त्या मागे गेलेल्या आज्ञांवर चाले, त्यांना प्रत्येक वेळी एक जादा क्लिक पडू लागला.

दौंडकरांना असा प्रकार रेल्वेच्या निमित्ताने ओळखीचा आहे. पूर्वी पुण्याकडून अहिल्यानगर–मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनात इंजिनाची बाजू बदलून पुन्हा उलट निघावे लागे. तो खोळंबा टाळण्यासाठी कॉर्ड लाइन टाकली गेली आणि तिच्यावर वेगळे स्थानक झाले. लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचला. ज्याला दौंडलाच चढायचे-उतरायचे आहे त्याला मात्र अशा गाडीसाठी मुख्य स्थानक सोडून कॉर्ड लाइनच्या स्थानकावर जावे लागते. दोन्ही बाबतींत सुधारणा खोटी नाही. सुधारणेचा हिशेब मांडताना कोणाचा वेळ मोजला, हा प्रश्न तेवढा उरतो. गावाला रूळ उचलता येत नाहीत. संगणकावर मात्र ज्याची त्याने आपली यादी ठरवणे शक्य आहे. ते शक्य असूनही विंडोज ११ ने ओळी निवडण्याचा साधा पडदा दिला नाही, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. शिवाय २०२५ मध्ये चित्रांच्या फाइलींवर 'एआय ॲक्शन्स' नावाची नवी ओळ त्याच यादीत आली. दुसऱ्यांच्या पाट्या मागे सारून मालकाने आपली पाटी लावावी, तसे हे झाले. पहिल्या कसोटीवर मिळवलेले गुण येथे कमी होतात, आणि तिसऱ्या कसोटीवर तर ही यादी पूर्वीपासूनच कच्ची आहे.

तिसरा उपाय लिनक्सच्या बाजूचा. केडीई या मुक्त प्रणालीतील डॉल्फिन या फाइल पाहण्याच्या प्रोग्रामात, उजव्या बटणाच्या यादीसाठी मांडणीचे स्वतंत्र पान आहे. प्रत्येक सेवेपुढे एक चौकट. खूण केली की ओळ येते, पुसली की जाते. एक्सएफसीईमधील थुनार या प्रोग्रामात आपल्याला हवी ती आज्ञा साधा तक्ता भरून घालता येते आणि तशीच काढता येते. लिनक्सच्या इतर अडचणी आहेत, छापयंत्रे आणि सरकारी कामाचे काही प्रोग्राम कधी कधी त्रास देतात, हे आम्ही नाकारत नाही. पण तिसऱ्या कसोटीवर हीच मांडणी उतरते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा शाळांना हा विचार तसाही करावाच लागणार आहे.

साफसफाईचा अतिरेक

यादीतली अडगळ काढण्याची हौस असणाऱ्यांचा एक वर्ग आहे. त्यांचा उत्साह स्तुत्य, पण दोन गोष्टींकडे त्यांचे दुर्लक्ष होते. एक म्हणजे रजिस्ट्रीत हात घालणारे तयार तोडगे आणि कोठून तरी उतरवून घेतलेले सफाईचे प्रोग्राम. ते कोणी लिहिले, ते आणखी काय बदलतात, याची खात्री नसेल तर शाळेच्या संगणकावर त्यांना हात लावू नये. तेथे वेतनाची आणि विद्यार्थ्यांची माहिती असते. दुसरी गोष्ट, संगणक सामाईक असतो. आपल्याला अडगळ वाटलेली ओळ मुख्याध्यापकांच्या रोजच्या कामाची असू शकते. घर आवरताना आजीचा अडकित्ता भंगारात गेला, तर त्या आवरण्याचे कौतुक होत नाही.

विंडोजवर निर्धोक मार्ग तीनच आहेत, आणि बरेचदा तेवढे पुरतात. ज्या प्रोग्रामची कोणालाच गरज नाही तो रीतसर काढून टाकणे. बहुधा त्याच्या ओळीही त्याच्याबरोबर जातात. जो हवा आहे त्याच्या स्वतःच्या मांडणीत जाऊन ओळी कमी करणे. सेव्हन-झिपसारख्या प्रोग्राममध्ये कोणत्या ओळी दिसाव्यात हे खुणा करून ठरवता येते, आणि सगळ्या ओळी एका उपयादीत गुंडाळूनही ठेवता येतात. तिसरे, 'सेंड टू' ही उपयादी. ती म्हणजे एक साधा फोल्डर आहे. त्यातला नको असलेला शॉर्टकट उचलून बाजूला ठेवला की ती ओळ जाते, परत ठेवला की येते.

एक तास यासाठी

हे काम शिक्षकाने सुटीच्या दिवशी एकट्याने उरकू नये, असे आम्हाला वाटते. त्यात वर्गीकरणाचा एक चांगला पाठ आहे. मुलांना एकाच फाइलवरची यादी वहीत उतरवून घेऊ द्या. मग प्रत्येक ओळ तीनपैकी एका रकान्यात घालायला सांगा: फक्त या प्रकारच्या फाइलसाठी, कोणत्याही फाइलसाठी, आणि फाइलशी फारसा संबंध नसलेली. त्यानंतर चित्राची फाइल, गाण्याची फाइल, रिकामा फोल्डर यांच्यावर तेच करून पाहू द्या. कोणत्या ओळी बदलल्या? कोणत्या सगळीकडे तशाच राहिल्या? का राहिल्या असाव्यात? सजीवांचे किंवा मूलद्रव्यांचे वर्गीकरण शिकवताना आपण हेच प्रश्न विचारतो.

तिसऱ्या रकान्यावरून वाद होईल. एखादा मुलगा म्हणेल, विषाणू तपासण्याची ओळ फाइलशी संबंधित आहे. दुसरी म्हणेल, ती तर संगणक आपोआप तपासतोच. तो वाद होऊ द्यावा. शेवटी कोणत्या ओळी काढायच्या हे मुख्याध्यापकांना आणि कार्यालयाला विचारून ठरवावे, काय काढले ते एका कागदावर लिहून संगणकाशेजारी लावावे, आणि महिन्याभराने कोणाचे काही अडले का हे पाहावे. अडले असेल तर ती ओळ परत घालावी.

संगणकावर जे जे दिसते ते कोणीतरी, कशासाठी तरी तेथे ठेवलेले असते, आणि ते बदलता येते. संगणक-शिक्षणाच्या पुस्तकांत हा धडा क्वचितच असतो; पुस्तके आहे ती यादी कशी वापरायची तेवढे सांगतात. शिरूर-दौंडकडची जी मुले उद्या कारखान्यांत, बँकांत आणि शाळांत दुसऱ्यांनी आखलेल्या पडद्यांसमोर आठ-आठ तास बसणार आहेत, त्यांना हा धडा शाळेतच मिळायला हवा, आणि त्यासाठी शाळेतला तो एकुलता एक संगणकही पुरेसा आहे.